उद्याच्या गावाची घंटा

मी आयुष्यात सराईतपणे खोटे बोललो ते एकाच हिवाळ्यात, आणि तेही कोटावर सरकारी बिल्ला लावून.

आमचा भाग मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गोंदियाच्या एका मोकळ्या मैदानावर विकासाचे प्रदर्शन भरले. मी नुकताच नागपुराहून बी.ए. होऊन परतलो होतो. सौंदडच्या पलीकडे, छोट्या रुळांच्या गाडीतून उतरून दोन तास चालल्यावर लागणाऱ्या आमच्या गावात बी.ए. झालेला मी पहिलाच. पहिलाच म्हणताना मला आजही संकोच वाटतो, कारण त्यात माझे एकट्याचे काही नव्हते. हायस्कुलाला असताना मी हेडमास्तरांच्या पडवीत राहिलो. कॉलेजला गेलो तेव्हा गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराने माझ्या जेवणासाठी तांदूळ दिला. पहिली पायली दिली ती आमच्या गावच्या एका विधवा बाईने. तिला सारे गाव आत्या म्हणे. तिची जमीन पाटाच्या अगदी टोकाला होती, आणि टोकाच्या बांधीचा, म्हणजे खाचराचा, तांदूळ कधीच फार होत नसतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी काय केले ते नीट कळेल.

प्रदर्शनात मला माहितगाराचे काम मिळाले. काम चांगले केले तर पुढे कायम करू, असे साहेबांनी सांगितले होते. साहेब मुंबईकडचे, इंजिनियर, मृदू बोलणारे. त्यांनी मला 'तुम्ही' म्हटले. तोवर मला कोणत्याच साहेबाने 'तुम्ही' म्हटले नव्हते, आणि एवढ्यावर मी त्यांचा झालो.

माझ्या ताब्यात 'उद्याचे गाव' होते. दोन बैलगाड्या मावतील एवढ्या टेबलावर ते मांडले होते. जस्ताच्या परातीचा तलाव, पत्र्याचे पाट, हिरव्या रंगात बुडवलेल्या भुशाचे धान, प्लास्टरची घरे. घरांच्या खिडक्यांत टॉर्चचे दिवे लागत. मधोमध खांबावर धोतऱ्याच्या फुलाएवढा कर्णा होता. तलावापासून शेतापर्यंत, शेतापासून घरापर्यंत, घरापासून चावडीपर्यंत आणि चावडीपासून दवाखान्यापर्यंत तांब्याच्या बारीक तारा ओढलेल्या होत्या. सगळे सगळ्याला जोडलेले होते. शेतकरी घरात बसून बटण दाबणार, तलावाचे दार आपोआप उघडणार, पाणी त्याच्या बांधीत जाणार, बांधी भरली की घरात घंटी वाजणार. तोवर त्याने कर्ण्यातून भजन ऐकावे, हवामान ऐकावे, मूल आजारी असेल तर दुसरे बटण दाबून दवाखान्याला कळवावे.

हे मी दिवसातून वीसदा सांगत असे. सांगता सांगता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, पण तिचे काय करावे ते मला कळत नव्हते. त्या गावात एकही माणूस उभा नव्हता. प्लास्टरचा शेतकरी खाटेवर बसलेला, बायको पाटावर बसलेली, म्हातारा ओट्यावर बसलेला. चिखलात पाय असलेला माणूस त्या सबंध टेबलावर नव्हता.

तो टेबलाखाली होता.

टेबलाला चारही बाजूंनी हिरवे कापड लावले होते, आणि त्या कापडाआड पन्नाशीचा एक माणूस मांडी घालून बसलेला असे. तरुणपणी तो दंडारीत पडदे ओढायचा. गावोगाव रात्रभर चालणारी ती आमच्याकडची नाटके, त्यामुळे वेळ साधण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हते. त्याच्याजवळ पाण्याची बादली, रबरी नळ्या, नळ्यांना चिमटे, बॅटरी, कर्ण्यासाठी छोटा ग्रामोफोन आणि घंटी. मी म्हणायचो, "आता घरधन्याने बटण दाबले," की तो चिमटा सोडायचा. मी म्हणायचो, "आणि आता ऐका," की तो घंटी वाजवायचा. लोक आ वासून बघत.

मुळात ही फसवणूक नव्हती, हेही सांगायला हवे. साहेबांनी खरेच एक यंत्रणा केली होती. बांधीत तरंगणारा डबा, पाणी चढले की डबा वर, डबा वर गेला की तार जुळून घंटी. पहिल्या दिवशी सकाळी ती दोनदा चालली. तिसऱ्यांदा चालली नाही, आणि त्याच दिवशी दुपारी मोठे पाहुणे यायचे होते. साहेब म्हणाले, तोपर्यंत हाताने चालवा. ते 'तोपर्यंत' अडीच महिने टिकले. एकदा मी धीर करून विचारले, तेव्हा ते जराही न रागावता म्हणाले, "आज हाताने वाजते, उद्या आपोआप वाजेल. आपण उद्याच दाखवतोय ना?" मला ते पटले. हायस्कुलात प्रयोगाचे उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळवून घ्यायला आम्हाला शिकवलेच होते.

आता माझ्या वडिलांबद्दल. ते गावचे पाणकर होते. आमच्याकडे धानाची शेती तलावावर चालते. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या भिंतीला, दगडी खांब असतो, त्याला एकाखाली एक भोके आणि भोकांना लाकडी बुचे. त्याला तुडूम म्हणतात. पाऊस ओढ देऊ लागला, धान फुलोऱ्यावर आले, की पाणकर कमरेएवढ्या पाण्यात उतरून बूच काढतो, खांद्यावर फावडे घेऊन पाटाबरोबर चालत जातो आणि एकेकाच्या बांधीत पाणी फोडून देतो. मालगुजारी होती तेव्हा वडील हे काम करत, मालगुजारी गेली तरी करत. गावाने सांगितलेले काम होते, सरकारने नव्हे.

त्याचे दोन नियम होते. पाण्याची पाळी चालू असताना पाणकराखेरीज कोणी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाय ठेवायचा नाही. ज्याची बांधी त्यानेही नाही. माझ्या जन्माआधी पाण्यावरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांवर फावडी चालवली होती, तेव्हापासूनचा हा नियम. धनी घरी थांबे. पाणी भरले की पाणकर धुऱ्यावरून लांब हाक देई, "आलाऽ," आणि धनी जिथे असेल तिथून "आला गाऽ" म्हणून पावती देई. मग तो शेतात जाऊ शके. दुसरा नियम असा, की पाणकराच्या स्वतःच्या बांधीला पाणी सगळ्यांच्या शेवटी. उरले तर. लहानपणी मला हा नियम मूर्खपणाचा वाटे. वडिलांना विचारले तर ते म्हणत, म्हणून तर लोक घरी झोपतात.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या महिन्यात आमचे गाव आले. पाटील, आत्या, माझे वडील आणि आणखी पंधरावीस माणसे. छोट्या गाडीने येऊन, नागऱ्याच्या महादेवाचे दर्शन आटोपून दुपारी मैदानावर पोचली. साहेब स्वतः हजर होते, कारण त्यांना एक गाव हवे होते. टेबलावरचे गाव जमिनीवर उतरवायचे, पहिले गाव. माझे गाव असावे हे मीच सुचवले होते. त्यात मला गावाचे पांग फेडल्यासारखे वाटत होते.

मी बोलायला लागलो. आयुष्यात इतके चांगले मी कधी बोललो नसेन. आत्या पहिल्या रांगेत होती. दिवे लागले तेव्हा तिने तोंडाला पदर लावला. शेजारच्या बाईला तिने सांगितले की कर्ण्यातल्या बाईला दिवसभर बोलायला लावतात, तिच्या घरी चूल कोण पेटवते देव जाणे. लोक हसले. मी "बटण दाबले" म्हणालो, पाणी सुटले. "आणि आता ऐका" म्हणालो, घंटी वाजली.

वडील टेबलाच्या कोपऱ्याशी उभे होते. ते दिव्यांकडे बघत नव्हते, कर्ण्याकडेही नाही. ते पाण्याकडे बघत होते. जरा वेळाने वाकून, माझ्याशीच बोलल्यासारखे हळू म्हणाले, "खालच्या बांधीत पानी अगोदर कसा आला गा?"

मी चरकलो. बादलीला सर्वांत जवळची नळी टोकाच्या बांधीची होती, म्हणून टोकाला पाणी आधी येई आणि वरच्या बांध्या मागून भरत. तोवर हजारो लोकांनी ते टेबल पाहिले असेल. त्यात इंजिनियर होते, अंमलदार होते, कॉलेजचे प्राध्यापक होते. पाणी खालून वर भरते आहे हे कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

वडिलांची नजर खाली गेली. हिरव्या कापडाच्या कडेखालून एक टाच बाहेर आली होती. भेगाळलेली, मोठ्या माणसाची टाच. वडिलांनी ती पाहिली. मी पाहिले की त्यांनी पाहिली. मग त्यांनी हातातल्या काठीच्या टोकाने, कोणाला कळू न देता, कापड ओढून ती टाच झाकली.

साहेब तेवढ्यात पाटलांना सांगत होते, की ही योजना आली की पाणकराची गरज उरणार नाही, म्हाताऱ्या माणसाने थंड पाण्यात उतरायचे दिवस संपतील. चांगल्या मनाने सांगत होते. पाटील जुन्या वळणाचे, त्यांनी लगेच होकार दिला नाही. ते वडिलांकडे वळले. पाण्यातले तुम्हाला कळते, तुम्ही बोला, जाते का पाणी बरोबर?

सगळे वडिलांकडे बघू लागले. कापडाआड तो माणूसही ऐकत असावा. माझी नोकरी, वडिलांचे काम आणि गावचे पाणी, तिन्ही त्या एका उत्तरावर होते. उत्तर मी द्यायला हवे होते. मी बिल्ल्याशी चाळा करत उभा राहिलो.

वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "माहा पोरगा सांगून रायला ना. तो कायले खोटा बोलते?"

पाटलांनी मान डोलावली. साहेबांनी वडिलांचा हात हातात घेतला. गाव ठरले.

संध्याकाळच्या गाडीला सोडायला मी स्टेशनवर गेलो. वाटेत मी वडिलांना बरेच समजावले, की हे सध्यापुरते आहे, मोठ्या योजनेत खरे यंत्र बसेल. ते ऐकत होते. गाडी आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "त्या मानसाले जेवाले भेटते का बराबर?" भेटते, असे मी म्हणालो. ते गाडीत चढले.

मला नोकरीत कायम केले.

उन्हाळ्यात गावात खांब उभे राहिले. टेबलावरच्या गावातले किती उतरले ते सांगायला फार वेळ लागत नाही. दवाखान्याची तार नाही, कारण दवाखाना नव्हता. कर्णा आला, पण त्याचे यंत्र आले नाही. घरोघरच्या घंट्यांऐवजी चावडीत एक घंटी. तुडुमाच्या जागी लोखंडी दार आणि ते फिरवायचे चक्र. धुऱ्यांमधून नळकांडी बसवली, म्हणजे वरची बांधी भरली की पाणी आपोआप खालच्या बांधीत जावे. आणि अगदी टोकाला, आत्याच्या बांधीत, तरंगणारा डबा. तो वर चढला की सारी शेते भरली असे समजायचे, चावडीत घंटी वाजायची आणि मग चक्र फिरवणारा माणूस येऊन दार बंद करणार. तो माणूस दुसऱ्या गावी राहत असे.

गावाने वडिलांना नारळ आणि धोतर देऊन मोकळे केले. त्यांनी फावडे धुऊन गोठ्याच्या आढ्याला टांगले. मी तेव्हा गोंदियाला कचेरीत 'पहिले गाव' या नावाच्या पुस्तिकेचा मजकूर लिहीत होतो. घंटी वाजायच्या आधीच ती वाजल्याचे मी लिहिले होते.

दसऱ्याच्या सुटीत घरी गेलो. दुपारची वेळ होती. चावडीसमोरून जाताना बघतो तर निम्मे गाव तिथे बसलेले. कोणी तंबाखू मळतो आहे, कोणी डोळा लावून पडला आहे. सगळ्यांची तोंडे घंटीकडे. मी विचारले काय आहे, तर कळले की दार उघडून आज चौथा दिवस. घंटी दुसऱ्या दिवशी वाजायला हवी होती. आत्या खांबाला टेकून बसली होती. तिचे धान फुलोऱ्यावर होते, आणि महिनाभर पावसाचा थेंब नव्हता.

मी म्हणालो, शेतात जाऊन कोणी पाहिले का? पाटलांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी देवळात चप्पल घालून शिरलो आहे.

"पाळी चालू हाये," ते म्हणाले. "घंटी वाजली नाई अजून."

तेव्हा मला उलगडा झाला. दुसरे कोणतेही गाव असते तर पहिल्याच दिवशी चार माणसे धावत शेतात गेली असती. आमच्या गावाने तसे केले नाही. पाणकराच्या हाकेवर जो विश्वास पिढीभर बसला होता, तोच त्यांनी जसाच्या तसा घंटीवर ठेवला होता. हाक येईपर्यंत धुऱ्यावर पाय नाही. फरक एवढाच की हाक देणारा धुऱ्यावरून चालत होता, त्याला दिसत होते. घंटीला काय दिसणार?

घरी गेलो. वडील ओट्यावर दोर वळत बसले होते. मी जरा चिडूनच म्हणालो, तुम्ही तरी जाऊन बघायचे. त्यांनी दोर वळणे थांबवले नाही. "मी आता पानकर नाई. दुसऱ्याच्या पाळीत धुऱ्यावर पाय कसा ठेवू?" त्यात टोमणा नव्हता. नियम त्यांच्यासाठीही तोच होता.

मग मी गेलो. नियम मोडणारा गावातला पहिला माणूसही मीच. वरच्या बांध्यांत पाणी होते, मधल्यांत होते, शेवटून दुसऱ्या बांधीत मात्र नुसता ओलावा. तिच्या नाल्याकडच्या धुऱ्यातून पाण्याचा आवाज येत होता. वाकून पाहिले तर मनगटाएवढे भोक. खेकड्याचे बीळ. चार दिवस तलाव त्या बिळातून नाल्यात वाहून चालला होता. पलीकडे आत्याच्या बांधीत भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगाळलेल्या जमिनीवर साहेबांचा डबा, नवाकोरा, पिवळा रंग दिलेला, आडवा पडला होता.

खेकडे आमच्याकडे दरवर्षी बिळे करतात. पाणकर धुऱ्यावरून अनवाणी चालतो तो त्याचसाठी. टाचेला पोकळी कळते. साहेबांच्या टेबलावर तलाव होता, पाट होते, दवाखाना होता, खेकडा नव्हता. पुस्तिकेत मी तो लिहिला नव्हता, आणि मी तर धुऱ्यावर वाढलेला. मी हातांनी चिखल कोंबायला लागलो. कोंबला की वाहून जाई. बी.ए.च्या हातांत तेवढेही कसब उरले नव्हते.

चिखलाने भरलेले हात घेऊन मी चावडीत परत आलो. बिळाचे सांगितले. पण तेवढे सांगून भागणार नव्हते, कारण पाटील लगेच म्हणाले की म्हणजे घंटी खराब झाली आहे, मुंबईहून दुसरी मागवू, प्रदर्शनात तर चांगली वाजत होती. लोकांनी माना हलवल्या. मला दिसले की हे पुढच्या वर्षीही असेच बसतील, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि आत्याची बांधी दरवर्षी अशीच फाटत जाईल, कारण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ती घंटी वाजताना पाहिली होती.

मी म्हणालो, "ती घंटी वाजत नव्हती. टेबलाखाली माणूस बसवला होता. मी सांगायचो आणि तो वाजवायचा. पाणीही तोच सोडायचा."

एकाने तंबाखू थुंकली. पाटील माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मला अंकलिपी आणून दिली होती. मला वाटले आता शिव्या येतील, आणि आल्या असत्या तर बरे झाले असते.

आत्या खांबाला धरून उठली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखरच न कळल्यासारखे तिने विचारले, "मंग तुमी आमाले तो मानूसच काऊन नाई पाठवला?"

या प्रश्नाचे उत्तर मी नंतर कित्येक वर्षे शोधले. प्रदर्शने पुढेही पाहिली. चुलीशिवाय शिजणारे अन्न, माणसाशिवाय चालणारे शेत, घरबसल्या सगळ्यांशी बोलणे. हे उद्या आहे, असे प्रत्येक ठिकाणी हसतमुखाने सांगणारा कोणी तरुण उभा असतो. त्याला बघून मला राग येतो, आणि त्या रागात माझा वाटा मोठा आहे. विजेला माझा विरोध नाही. मी कंदिलावर शिकलो आणि डोळे बिघडवून घेतले, मला विजेचे मोल कोणी शिकवायला नको. पण त्या टेबलावरचा उद्या हा कोणाचाच उद्या नव्हता. तो साहेबांचा आज होता. त्यांना माणसाची अडचण वाटत होती, म्हणून त्यांनी माणूस झाकला आणि राहिले त्याला भविष्य म्हटले. ज्याला पाण्यात उभे राहावे लागते त्याला त्यांनी एकदाही विचारले नाही. माझ्या वडिलांचा त्यांनी फक्त हात हातात घेतला.

वडील तोवर चावडीच्या कडेला येऊन उभे राहिले होते. कोणीतरी बोलावून आणले असावे. त्यांनी पाटलांना विचारले, जाऊ का? पाणकर गावाच्या शब्दावर जातो, आपल्या मनाने नाही. पाटील म्हणाले, जा.

त्यांनी आढ्यावरचे फावडे काढले. धुऱ्यावर गेल्यावर तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, गुंडाळी करून बिळात घातली, वर चिकण माती लिंपली आणि टाचेने ठोकली. त्याच धुऱ्यात आणखी दोन बिळे होती. ती मला दिसली नव्हती. दिवस मावळायच्या आत टोकाच्या बांधीत पाणी शिरले आणि लांबून हाक आली, "आलाऽ." आत्या चावडीच्या पायरीवर होती. तिने उत्तर दिले, पण तिचा आवाज शेतापर्यंत पोचण्यासारखा नव्हता. मग सगळ्यांनीच दिले.

तिचे अर्धे पीक हाती लागले. अर्ध्या लोंब्या पोचट राहिल्या.

आमची बांधी पाटाच्या दुसऱ्या फाट्यावर होती, आणि जुन्या नियमाने तिची पाळी शेवटी. तोवर तलाव लोखंडी दाराच्या खाली गेला होता. चार दिवसांचे पाणी नाल्याने नेले होते, आणि उरले ते वाटून संपले. त्या वर्षी आम्ही धान कापले नाही, तणस कापले. माझी माय म्हणाली, बैलांचे तरी बरे झाले.

मी साहेबांना सर्व हकीकत लिहून कळवली, टेबलाखालच्या माणसासकट. त्यांचे उत्तर सभ्य होते. या प्रारंभीच्या अडचणी आहेत, पुस्तिका छापून झाली आहे, त्यात बदल शक्य नाही. वर्ष संपताना माझी जागा रद्द झाली. पण त्यांनीच मला शिक्षकाच्या नोकरीसाठी शिफारसपत्र दिले, आणि त्या पत्रावर माझे सारे आयुष्य उभे राहिले. माणूस म्हणून मी त्यांचा ऋणी आहे. त्यांच्या गावाला मी क्षमा केलेली नाही.

पुढच्या वर्षाच्या हिवाळ्यात शाळेच्या कामासाठी गोंदियाला गेलो होतो. स्टेशनवर मालगाडीत मोठमोठ्या पेट्या चढत होत्या, आणि चढवणाऱ्यांत तो होता, टेबलाखालचा. त्याने मला लगेच ओळखले. प्रदर्शन दुसऱ्या शहराला निघाले होते. घरांना नवा रंग दिला होता, दिवे दुप्पट केले होते, नवा माहितगार चांगला बोलतो असे त्याने सांगितले. मी विचारले, घंटी?

तो हसला. "वो तो हमहीच बजाते, बाबू," तो म्हणाला. "बस, कपडा लंबा कर दिया है. अब पाँव नहीं दिखता."